निकालात नसलेलं गाव

पार्श्वभूमी

डिसेंबर २०२१. बांगलादेश युद्धाला पन्नास वर्षं होत होती आणि मराठीत जो तो 'सुवर्ण विजय वर्षा'चं काहीतरी काढत होता. ठाण्यात नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक छोटं मराठी डिजिटल माध्यम चालायचं. पाच माणसं, दोन कॅमेरे आणि भाडं थकलं की उतरणारे चेहरे. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस मजकूर तपासायला जायचो. त्याआधीची बरीच वर्षं दैनिकांच्या आंतरराष्ट्रीय डेस्कवर गेली होती. या लेखात माणसांची नावं नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. चूक मात्र झाली तशीच ठेवली आहे, तिच्यातल्या माझ्या वाट्यासकट.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. मराठी माध्यमांत १९७१ दोन वेगळ्या ठिकाणी राहतं. पहिलं १६ डिसेंबरच्या पुरवणीत: नियाझी सही करतायत, शेजारी अरोरा, चौकटीत माणेकशॉ आणि '९३ हजार युद्धकैदी'. दुसरं आंतरराष्ट्रीय पानावर. हे दुसरं १९७१ आमच्याकडे खऱ्या अर्थानं आलं ते २०१३मध्ये. शेख हसीना सरकारनं १९७१च्या युद्धगुन्ह्यांसाठी मार्च २०१०मध्ये ढाक्यात न्यायाधिकरण नेमलं, तोवर १९७१मध्ये तिथल्या सामान्य माणसांचं काय झालं यावर मराठीत वर्षाकाठी दोन-चार ओळींपलीकडे क्वचितच काही यायचं. ५ फेब्रुवारी २०१३ला त्यानं जमात-ए-इस्लामीचे नेते अब्दुल कादेर मोल्ला यांना जन्मठेप दिली. ते न्यायालयाबाहेर दोन बोटं उंचावत आले आणि त्याच संध्याकाळी ढाक्यातला शाहबाग चौक भरून गेला. फाशीच हवी, अशी मागणी होती. दोन आठवड्यांच्या आत कायदा बदलला, सरकारला शिक्षेविरुद्ध अपील करता येऊ लागलं. १७ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं फाशी सुनावली, १२ डिसेंबरला ती दिली गेली. त्या वर्षी मी ज्या पानावर होतो तिथे १९७१बद्दल जेवढं छापलं, ते सगळं या चार-पाच तारखांना टांगलेलं होतं. खटला बातमीला तारीख देतो, चेहरा देतो, मथळ्यात बसेल असं क्रियापद देतो. ज्या घटनेवर खटलाच चालत नाही, तिला यातलं काही मिळत नाही.

तर या दोन्ही १९७१ना एकत्र आणायचं, असा आमच्या वार्ताहर मुलीचा विचार होता. ती मूळची परभणीची. कळव्यात, खारेगावला, तिला एक निवृत्त सुभेदार सापडले. मूळ सातारचे, आता मुलाकडे राहणारे. १९७१मध्ये बाविशीतले शिपाई होते आणि मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण, म्हणजे पहिली बटालियन, जमालपूरला लढली तेव्हा तिच्यात होते. पलटणीनं जमालपूरच्या पाकिस्तानी फौजेची माघारीची वाट अडवली, आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं आणि उत्तर म्हणून कागदात गुंडाळलेली एक गोळी आली, हा किस्सा पलटणीत सगळे सांगतात. सुभेदारांनीही तो रंगवून सांगितला. आम्हाला वाटलं, काम झालं.

चहा झाल्यावर, कॅमेरा चालूच असताना, ते वेगळंच बोलू लागले. जमालपूरच्या वाटेवरचं बक्षीगंज मागे टाकल्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांना आणि आणखी तिघांना हाताला धरून शाळेमागे नेलं. तिथे खड्डा होता. "माती नवी व्हती पोरी. पाय ठिवला की आत जायचा." म्हातारा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, राजाकार, राजाकार. गावाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. तेव्हाही विचारलं नव्हतं, पुढे जायचा हुकूम होता. पन्नास वर्षांत हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सून दारात उभी राहून ऐकत होती.

अडचण

त्या दहा मिनिटांचं करायचं काय?

ती दाखवली तर सगळ्यात आधी प्रश्न येणार की पुरावा काय. गाव नाही, तारीख नाही, दुसरा साक्षीदार नाही. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण, तीही शत्रूच्या साथीदारांबद्दल एका सैनिकाची. न दाखवावी तर हातात उरतो तोच नेहमीचा विजय दिवस. वार्ताहर दोन दिवस खपून ढाक्याच्या निकालांची टिपणं काढून बसली आणि तिथे तिला सोहागपूर सापडलं.

सोहागपूर हे शेरपूर जिल्ह्यात, नालिताबाडी भागातलं गाव. २५ जुलै १९७१ला तिथल्या शंभराहून अधिक पुरुषांना मारलं गेलं. त्या वस्तीला पुढे 'बिधोबापल्ली', विधवांची वाडी, असं नावच पडलं. तिथल्या विधवांनी न्यायाधिकरणासमोर साक्ष दिली. मैमनसिंग भागात पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या अल-बद्र दलाचं संघटन करणारे मुहम्मद कामारुज्जमान यांना ९ मे २०१३ला फाशी सुनावली गेली. ३ नोव्हेंबर २०१४ला अपिलात त्यांच्यावरचे काही आरोप टिकले नाहीत, पण सोहागपूरच्या आरोपावर फाशी कायम राहिली. ११ एप्रिल २०१५ला ती अमलात आली.

जमालपूर आणि शेरपूर शेजारीशेजारी. वार्ताहर एकदम म्हणाली, "सर, काकांच्या गोष्टीला आधार मिळाला." मीही मान हलवली. आधार म्हणजे नेमकं काय मिळालं होतं, हे त्या क्षणी दोघांपैकी कुणीच स्वतःला विचारलं नाही.

एका शब्दाची भानगड

मजकुरावर बसलो तर पहिल्याच परिच्छेदात 'रझाकार' आला आणि काम अडलं. मराठी वाचकाला रझाकार म्हटलं की कासिम रझवी आठवतो, निजामाचं राज्य आणि १९४८चा सप्टेंबर. मराठवाड्यात ती अजून शिवी आहे. वार्ताहरच्या आजोबांचं अख्खं तरुणपण त्या शब्दानं व्यापलेलं होतं. ती म्हणाली, "माझ्या घरच्यांनी हे वाचलं तर त्यांना वाटेल रझवीची माणसं बांगलादेशात गेली." पूर्व पाकिस्तानातलं दल निराळं. ते १९७१मध्ये तिथले पाकिस्तानी लष्करी राज्यपाल टिक्का खान यांच्या राजवटीत वटहुकमानं उभं राहिलं, तो सरकारी पगारी मदतनिसांचा जथा होता. नाव तेवढं तेच. आणि गंमत बघा, मोल्ला यांना सर्वोच्च न्यायालयानं फाशी सुनावली ती तारीख १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. योगायोगच, पण असा योगायोग दिसला की उपसंपादकाची बोटं शिवशिवतात.

शेवटी सुभेदारांनी जसा ऐकला तसाच शब्द ठेवायचा ठरलं: 'राजाकार', बंगालीत म्हणतात तसा. सोबत एक वाक्य, की हा हैदराबादच्या रझाकारांचा उल्लेख नाही. या सगळ्या प्रकरणात आम्ही विचार करून घेतलेला आणि आजही बरोबर वाटणारा हा एकमेव निर्णय असावा. बाकीच्या ठिकाणी ऐकू आलेलं सोडून आम्ही निकालात लिहिलेलं उचललं.

समोरचे पर्याय

गुरुवारी संध्याकाळी बसलो. कटिंग चहा आला, खाली झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं.

एक वाट होती ती आठवण तेवढी दाखवण्याची, निकालांचा उल्लेखच करायचा नाही. दुसरी उलटी: निकालांवर मुख्य लेख आणि त्यात सुभेदारांची आठवण जिवंत उदाहरण म्हणून. तिसरी, दोन्ही शेजारी ठेवायचं पण जोडायचं नाही. वाचकाला दिसेल की एक न्यायालयातलं आहे, एक माणसाच्या मनातलं.

मालकांना दुसरी पसंत होती. "कोर्टाचा आधार असला की कुणी बोट ठेवत नाही." या वाक्यात व्यवहार आहे, मी त्याला हसणार नाही. निकाल उद्धृत करणाऱ्यावर सहसा कुणी नोटीस धाडत नाही, आणि पाच माणसांच्या माध्यमाला वकील परवडत नाही.

वार्ताहरही दुसऱ्याच बाजूला होती, पण तिचं कारण वेगळं होतं आणि वजनदार होतं. तिनं सर्बियाचं उदाहरण दिलं. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात १९९५च्या जुलैमध्ये ८ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष-मुलं मारली गेली. पण सर्बियातली बरीच माध्यमं दहा वर्षं ते उडवून लावत होती. मग १ जून २००५ला, हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात सर्बियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मिलोसेविच यांच्या खटल्यात एक चित्रफीत दाखवली गेली. 'स्कॉर्पियन्स' नावाच्या सर्ब तुकडीनं स्रेब्रेनिकातून आणलेल्या सहा जणांना मारताना स्वतःच ती काढली होती. ती फीत सर्बियातल्या टीव्हीवर लागली आणि काही दिवसांत तुकडीतल्या लोकांना अटक झाली. "पत्रकारांना दहा वर्षांत जे जमलं नाही ते एका खटल्यानं एका दुपारी केलं," ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. न्यूरेंबर्गमध्येही नोव्हेंबर १९४५मध्ये छळछावण्यांचं चित्रण न्यायालयात दाखवलं गेलं आणि नाकारणाऱ्यांची वाट अरुंद झाली. पुरावा जाहीरपणे मांडायला लावण्याची ताकद न्यायालयात असते, बातमीदाराकडे ती नसते.

मी तिसऱ्या वाटेच्या बाजूनं बोललो, पण माझा मुद्दा अर्धाच होता. मी १९५ जणांबद्दल बोललो. युद्धकैद्यांपैकी १९५ पाकिस्तानी लष्करी माणसांवर खटले चालवायचं बांगलादेशानं ठरवलं होतं, त्यासाठीच १९७३चा कायदा केला होता. मग ९ एप्रिल १९७४ला दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात करार झाला आणि ते खटले सोडून दिले गेले. १९५ पाकिस्तानात परतले. त्याच कायद्याखाली ३६ वर्षांनी न्यायाधिकरण उभं राहिलं तेव्हा पिंजऱ्यात उभे राहिले ते स्थानिक साथीदार, बहुतेक जमात-ए-इस्लामीचे, काही बीएनपी म्हणजे बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीचे. त्यामुळे आमच्या बातम्यांत १९७१चे चेहरे झाले ते दाढीवाले म्हातारे बंगाली पुढारी. ज्या फौजेनं २५ मार्चच्या रात्री ढाका विद्यापीठावर तोफा डागल्या, ती बातमीतून हळूहळू नाहीशी झाली. वाचकाला हे प्रकरण बांगलादेशच्या दोन पक्षांमधलं भांडण वाटू लागलं. खटला ज्याच्यावर चालतो, इतिहास त्याचाच होऊन बसतो.

आणखी एक सांगितलं, जरा शान मारायला. कुठलंही न्यायालय बसण्याच्या कितीतरी आधी, १३ जून १९७१ला, लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये हे सगळं छापून आलं होतं. लिहिणारे अँथनी मस्कारेन्हस कराचीचे पत्रकार, पण जन्म आपल्या बेळगावचा. पाकिस्तानी लष्करानं त्यांना स्वतःच फिरवून दाखवलं होतं. बायकामुलांना आधी देशाबाहेर काढून मगच त्यांनी ते छापलं. त्यांच्याकडे कसलाही निकाल नव्हता, पाहिलेलं होतं.

एवढं बोलून मी दुसऱ्या वाटेला होकार दिला. उशीर झाला होता, शनिवारी मजकूर हवा होता.

काय केलं

लेख निकालांवर बांधला. मधोमध चौकट, तिचं शीर्षक: 'न्यायालयात काय सिद्ध झालं'. त्यात चार जण: मोल्ला, कामारुज्जमान, जमातचे जुने प्रमुख गुलाम आझम आणि रंगपूरचे ए. टी. एम. अझहरुल इस्लाम. अझहरुल यांना ३० डिसेंबर २०१४ला फाशी सुनावली होती, ३१ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागानं ती कायम केली होती. मी त्या ओळीसमोर समाधानानं बरोबरची खूण केली. सगळ्यात वरच्या न्यायालयानंही मान्य केलंय, याहून पक्कं काय हवं?

आझम यांच्याबाबत तेव्हाच थबकायला हवं होतं. ९० वर्षांच्या शिक्षेविरुद्ध त्यांचं अपील प्रलंबित असतानाच ऑक्टोबर २०१४मध्ये ते वारले. म्हणजे अंतिम असं काही ठरलंच नव्हतं. आम्ही 'दोषी' लिहून पुढे गेलो.

न्यायाधिकरणाच्या नावाचाही घोळ झाला. 'आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरण' हे नाव बघून पहिल्या मसुद्यात 'आंतरराष्ट्रीय न्यायालय' पडलं होतं. ते बांगलादेशी कायद्याखालचं, बांगलादेशी न्यायाधीशांचं, ढाक्यातलं न्यायालय आहे, हेगशी त्याचा संबंध नाही. ही चूक सुटता सुटता सापडली. डिसेंबर २०१२मध्ये न्यायाधिकरणाचे अध्यक्ष निजामुल हक यांची परदेशातल्या एका कायदेतज्ज्ञाशी खटल्यांबाबत झालेली संभाषणं बाहेर फुटली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला, हा परिच्छेद मात्र मीच काढला. समासात लिहिलं होतं: 'गुंतागुंत वाढते'.

मृतांच्या आकड्यावर थोडा वेळ गेला. बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाख, स्वतंत्र अभ्यासकांचे अंदाज त्याहून बरेच खाली, काही ३ लाखांच्या आसपास. हा आकडा तिथे किती नाजूक आहे हे मला माहीत होतं. त्यावर लिहिल्याबद्दल ढाक्यातले ब्रिटिश पत्रकार डेव्हिड बर्गमन यांना याच न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१४मध्ये अवमानाबद्दल दोषी ठरवून ५ हजार टाका दंड केला होता. खटला पत्रकाराला साहित्य देतो आणि त्याच हातानं काय लिहू नये हेही सांगतो. बातमीदाराची बाजू घेणारी न्यायालयंही आहेत. हेगच्या अपील पीठानं ११ डिसेंबर २००२ला 'वॉशिंग्टन पोस्ट'चे जोनाथन रँडल यांना साक्षीसाठी सक्ती करायला नकार दिला आणि युद्ध वार्ताहरांना मर्यादित संरक्षण मान्य केलं. पण ते हेग होतं. आम्ही दोन्ही आकडे दिले, कोणाचा कोणता ते लिहून.

शुक्रवारी रात्री अकराला व्हिडिओ एडिटरचा मेसेज आला. सुभेदार खड्ड्याबद्दल बोलतात तिथे खालची पट्टी रिकामी दिसत होती. स्क्रिप्टच्या समासात वार्ताहरनं लिहून ठेवलं होतं: 'गावाचं नाव?' शेजारच्या कागदावर निकालाची टिपणं. त्यानं पट्टी भरली: 'सोहागपूर, जुलै १९७१'. मला स्क्रीनशॉट आला तेव्हा मी डोंबिवलीला उतरत होतो. 'चालेल', मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदारांच्या नातवानं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पाच मिनिटांत वार्ताहरला फोन.

"पोरी, ह्ये गाव कंचं टाकलंस?"

तिनं सांगितलं.

"आमी डिसेंबरात गेलो. म्या म्हनलं न्हवं, माती नवी व्हती? जुलैतली माती नवी कशी राहील? मधी अख्खा पावसाळा गेला की."

त्यानंतर मी नकाशा काढला. कमालपूर, बक्षीगंज, जमालपूर हा पलटणीचा मार्ग. नालिताबाडी त्याच्या पूर्वेला, वाटेत कुठेच येत नाही. दोन मिनिटांचं काम होतं, फोन आल्यावर केलं.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत काढला, पट्टी बदलली आणि खाली खुलासा टाकला: गावाचं नाव साक्षीदारानं सांगितलेलं नव्हतं, ते आम्ही चुकून जोडलं. मालक कुरकुरले, पण आड आले नाहीत. त्याचा दुसरा परिणाम अपेक्षित नव्हता. पहिल्या, चुकीच्या व्हिडिओखाली लोक हळहळत होते, मुजरे करत होते. दुरुस्त केलेल्याखाली दुसऱ्याच दिवशी एकानं लिहिलं, 'गावाचं नाव नाही म्हणजे गोष्ट रचलेली.' वार्ताहरनं ते सुभेदारांना कधी दाखवलं नाही. मला दाखवलं.

२०२५: निकाल फिरला

२७ मे २०२५. बांगलादेशात हसीना सरकार कोसळून नऊ महिने झाले होते. अपील विभागाच्या पूर्णपीठानं अझहरुल इस्लाम यांना निर्दोष सोडलं. याच न्यायालयानं २०१९मध्ये कायम केलेली फाशी रद्द झाली, आधीच्या निकालात पुराव्यांचं मूल्यमापन नीट झालं नव्हतं असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते बाहेर आले.

ठाण्याच्या एका गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या २०२१च्या लेखाची लिंक फिरली. वर ओळ: 'हे बघा, सिद्ध झालंय म्हणत होते. सगळं खोटं निघालं.' दुसऱ्या ग्रुपवर तोच लेख, वर दुसरी ओळ: 'पाकिस्तानधार्जिण्यांनी खुनी सोडला.' दोघांनीही आमची चौकट जशीच्या तशी धरली होती. एकाच्या मते निकाल खोटा म्हणून घटना खोटी, दुसऱ्याच्या मते घटना खरी म्हणून आरोपी दोषीच. आणि हे त्यांना शिकवलं होतं आम्हीच. रंगपूर भागातल्या झारुआर बीलमध्ये १,२०० हून अधिक लोक मारले गेल्याचा आरोप होता. आमचं वाक्य असं होतं की अझहरुल यांचा त्या हत्याकांडातला सहभाग 'आणि त्यामुळे तिथं घडलेलं' न्यायालयात सिद्ध झालं. 'आणि त्यामुळे' हे दोन शब्द माझे. तिथे माणसं मारली गेली का, हा एक प्रश्न. मारणाऱ्यांत हा माणूस होता का, हा दुसरा. ते या पुराव्यानं ठरतं का, हा तिसरा. न्यायालय तिसऱ्याचं उत्तर देतं. ते बदललं तेव्हा आमच्या लेखात पहिल्याचंही उत्तर कोसळलं.

मालकांनी फोन केला, "काढून टाकू का लेख?" मोह होता. काढला असता तर दोन्ही ग्रुपना एकच गोष्ट मिळाली असती: आम्ही पळालो. गुपचूप वाक्यं बदलणं त्याहून वाईट, स्क्रीनशॉट लोकांकडे होतेच. नवीन लेख लिहून जुना तसाच ठेवावा, असंही एकदा ठरलं होतं, पण फिरत होता तो जुनाच.

शेवटी जुना लेख जागेवर ठेवून वर ठळक टीप टाकली: कोणता निकाल कधी, कोणत्या न्यायालयाचा आणि आता काय झालं. चौकटीचं शीर्षक बदललं, 'न्यायाधिकरणाचे निकाल: २०२१पर्यंत'. चुकलेलं वाक्य खोडलेल्या रेषेसकट तिथेच ठेवलं आणि खाली नवं लिहिलं. २०१२च्या संभाषणांचा जो परिच्छेद मी काढला होता तो परत घातला. त्याला नऊ ओळी लागल्या. गुंतागुंत एवढीच होती.

१७ नोव्हेंबर २०२५ला लेख तिसऱ्यांदा वर आला. त्याच न्यायाधिकरणानं खुद्द शेख हसीना यांना, त्या देशात नसताना, फाशी सुनावली. आरोप होते २०२४च्या जुलै-ऑगस्टमधल्या आंदोलनातल्या हत्यांचे. मराठीत त्या रात्री काही ठिकाणी १९७१, जमात आणि हसीना यांची अशी खिचडी झाली की आमच्याकडे विचारणा आली, हसीना १९७१मध्ये काय करत होत्या. टीप दोन ओळींनी वाढली: न्यायाधिकरण तेच, कायदा १९७३चाच पण दुरुस्त झालेला, खटला मात्र पूर्णपणे वेगळा.

परिणाम

टीप किती जणांनी वाचली, सांगता येत नाही. ग्रुपवरच्या ओळी कुणी मागे घेतल्या नाहीत. माध्यम अजून चालतं, जागा बदलली आहे. वार्ताहर आता पुण्यात आहे, न्यायालयीन बातम्या करते. तिच्या बातमीत 'सिद्ध झालं' सापडत नाही. 'अमुक न्यायालयानं अमुक तारखेला अमुक आरोपाबाबत दोषी ठरवलं' असं लांबलचक वाक्य असतं आणि तिचा डेस्क ते कापतो. ती पुन्हा घालते.

मी मे महिन्यात खारेगावला गेलो, मुद्दाम सांगायला. वाटलं, सुटकेची बातमी ऐकून सुभेदार चिडतील. त्यांनी विचारलं, "रंगपूरचा मानूस म्हनता? आमी तिकडं गेलोच न्हाई." मग थोडं थांबून, "आन मला कुन्या कोर्टानं बोलावलं न्हवतं साहेब."

वेगळं काय करता आलं असतं

मालकांचा 'कोर्टाचा आधार' टाळायला हवा होता असं मला वाटत नाही. आधार घ्यावा, पण आधी विचारावं, कशाला. निकाल सोहागपूरबद्दल होता. सुभेदारांच्या खड्ड्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. न्यायाधिकरणापर्यंत पोचलेली गावं ठळक होतात आणि न पोचलेल्या गावांच्या आठवणी नकळत त्यांच्याकडे सरकतात. ते आमच्या संगणकावर, रात्री अकराला, एका रिकाम्या पट्टीमुळे घडलं. पट्टी रिकामी ठेवायची सोय आमच्या साच्यात नव्हती. साधी गोष्ट आहे, पण मी ती पहिली बदलली असती.

बोलणाऱ्याला तयार व्हिडिओ आधी दाखवला असता तर फोन यायच्या आधीच नकाशा उघडला गेला असता. मुलाखत दिलेल्याला आधी दाखवायचं नाही, हा डेस्कवरचा जुना नियम राजकारण्यांसाठी ठीक आहे. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या पन्नास वर्षं दाबलेल्या आठवणीला तो लावण्यात शहाणपण नव्हतं.

चौकटीबाबत मी अजून पुरता निश्चिंत नाही. प्रत्येक निकालापुढे टप्पा, तारीख, अपील लिहिलं तर वाचक दमतो, हे खरं आहे. आणि स्रेब्रेनिकासारख्या ठिकाणी 'सिद्ध झालं' हे ठणकावून म्हणायलाच हवं, नाहीतर नाकारणाऱ्यांना आपण फट देतो. ढाक्यात प्रक्रियेवर पहिल्या दिवसापासून प्रश्न होते, त्यामुळे तिथे सावध राहायला जागा होती. ते प्रश्न मला ठाऊक होते. तरी मी ते नऊ ओळींच्या कंटाळ्यापोटी काढले.

तिसरी वाट, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवायची पण जोडायची नाहीत, आज निवडली असती का? बहुधा हो. चौकटीशिवाय ती दहा मिनिटं कदाचित कमी लोकांनी पाहिली असती.

मूळ चित्रीकरण हार्ड डिस्कवर आहे, एक तास चाळीस मिनिटं. नव्या जागेत हलवताना त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'जमालपूर, डिसेंबर १९७१. गावाचं नाव: नाही.' खालच्या बाजूला वार्ताहरनं पेन्सिलीनं लिहिलंय, बक्षीगंजपासून शाळा किती लांब होती ते काकांना एकदा विचारायचंय.